रात्री तीनचा पंखा

चि. मेधा,
अनेक आशीर्वाद.

तू जाऊन चार दिवस झाले. 'नीट पोचले' एवढा दोन शब्दांचा निरोप आला. रागावलीस की तू शब्द मोजून वापरतेस, लहानपणापासूनची खोड. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर मी समोरच्याला बोलूच देत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. पत्रात तर तुला मध्ये बोलताच येणार नाही, तेव्हा माझं फावलंच म्हण.

भांडण पंख्यावरून झालं असं आपण दोघंही म्हणू. तीन रात्री तू उठून पंखा वाढवलास, तीन रात्री मी उठून कमी केला. चौथ्या रात्री तू अंधारात पलंगाच्या कडेवर बसली होतीस, गाऊन पाठीला चिकटलेला, केस मानेवरून वर धरलेले. आणि मी काय बोललो? 'एवढं काय उकडतंय तुला?' त्यावर तू जे म्हणालीस ते सकाळी हसून मागे घेतलंस. 'अप्पा, झोपेत बडबडले असेन.' बरं. त्या वाक्याबद्दल इथे लिहायचं नाही असं मी ठरवलंय. चेहऱ्याबद्दलच लिहितो. 'बाकी मला काही झालेलं नाही, त्वचेचं तेवढं सांगा,' असं तूच म्हणाली होतीस.

तुझ्या बाटल्या मी पाहिल्या. चोरून नव्हे, बेसिनवर रांगेनं उभ्याच होत्या. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेला माणूस लेबल वाचल्याशिवाय राहत नाही, भिंग घेऊन वाचली. एकीत रेटिनॉल, दुसरीत ग्लायकोलिक अ‍ॅसिड, तिसरीत सॅलिसिलिक अ‍ॅसिड, चौथीत व्हिटॅमिन सी, शिवाय दाणेदार स्क्रब. हे सगळं एकाच चेहऱ्यावर, एकाच आठवड्यात? हनुवटीच्या कडेला जो लालपणा आणि आग आहे, ती पाळी जायच्या वयाची नसून या रांगेची असावी असा माझा संशय आहे. हे मी तिथेच नीट सांगायला हवं होतं. त्याऐवजी एका बाटलीवरचा 'होलिस्टिक', म्हणजे समग्र, हा शब्द वाचून मी हसलो. चुकलंच.

आता सांगतो ते जमलं तर कर. तीन-चार आठवडे सगळं बंद. साबण नको, फेस न होणारं सौम्य क्लेन्झर घे. पाणी कोमट. अंघोळीनंतर अंग रगडून पुसू नकोस, टिपून घे, आणि ओल पुरती जायच्या आत, दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लाव. त्यात ग्लिसरीन आणि सेरामाइड असावं, सुगंध नसावा. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वरचं, आणि चिमूटभर नको, भरपूर. साइटवर दिवसभर उन्हात असतेस तर दर दोन तासांनी पुन्हा. आग थांबली की मग रेटिनॉल, एकटंच, आठवड्यातून दोन रात्री. आणि एक गोष्ट बापानं लिहावी की नाही कळत नाही, पण दुकानदार म्हणून लिहितो. पाळी मागेपुढे होते म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. ती शक्यता असेपर्यंत रेटिनॉल किंवा त्याच्या जातीचं कुठलंही रेटिनॉइड डॉक्टरांना विचारूनच.

का होतं हे, तर त्वचेलाही इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांमधलं हॉर्मोन, कळतं. तिथे त्याला ओळखणारे रिसेप्टर असतात. ते कमी झालं की त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजेन घटतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के, मग वर्षाला दोनेक टक्के असे आकडे सांगतात. तेलही कमी सुटतं, पाणी धरून ठेवायची ताकद जाते. त्यामुळे काल चालणारं क्रीम आज झोंबतं. तुझं काही बिघडलेलं नाही, मेधा. आरशासमोर तू स्वतःला जे बोललीस ते मी बाहेरून ऐकलं. असं तू तुझ्या हाताखालच्या कुणाला बोलली असतीस का?

तुझ्या आईचं सांगतो. तेव्हा तू वसतिगृहात होतीस. एका रात्री ती म्हणाली, 'अहो, अंगावर मुंग्या चालतायत.' मी दिवा लावला, चादर झटकली, एकही मुंगी नाही. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून कीटकनाशक पावडर आणून पलंगाच्या चारही पायांभोवती रेघा ओढल्या. हसू नकोस. चार पायांना चार पांढरी रिंगणं, आणि मध्ये ती डोळे मिटून पडलेली. पाळी जाण्याच्या काळात त्वचेवर खरंच असं वाटतं, त्याला फॉर्मिकेशन असं स्वतंत्र नाव आहे, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. औषधांच्या दुकानात बसून! पुढे ती दाराशी, फरशीवर झोपायला लागली. गार लागायचं म्हणून. मला वाटलं, माझ्यावर रुसली. एवढं विचारायचंही मला सुचलं नाही.

तेव्हाच तिच्या गालांवर खाज सुरू झाली आणि मी तिला ती ट्यूब आणून दिली. तुला ठाऊक आहे कुठली. दोन दिवसांत गाल नितळ. ती खूश, मी खूश. आत स्टेरॉइड होतं, तेही जोरदार. दोन वर्षं ती ते रोज लावत होती आणि मी नवीन ट्यूब आणत होतो. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, बारीक लाल शिरा दिसू लागल्या, आणि लावायचं थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा व्हायचा. तो फोटो आठवतो ना, नंदूच्या लग्नातला, ज्यात ती तोंड वळवून उभी आहे? कारण ते होतं. तू सात वर्षांची असताना काउंटरवर बसून एका बाईंना विचारलं होतंस, 'डॉक्टरांची चिठ्ठी कुठंय?' औषधाच्या लेबलवरचं तुला वाचता येत होतं. मी हसलो, तुझा गाल ओढला, आणि चिठ्ठी नसताना ट्यूब दिली. दुकानातलं बाकी सगळं विसरतोय, हे विसरत नाही. तेव्हा कुणी मैत्रिणीनं 'आठवड्यात उजळ' म्हणून काही दिलं, डबीवर आतले घटक लिहिलेले नसले, तर हात लावू नकोस. तसल्यांत स्टेरॉइड निघतं, पारा निघतो.

झोप लागते का गं?

हे विचारणार नव्हतो. पण त्वचेच्याच बाजूनं विचारतो असं समज. तुझ्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत नखांचे ओरखडे होते, काही ताजे. झोप मोडली की खाज वाढते, खाजवलं की झोप मोडते. मनावर ताण असला की त्वचेचा फाटलेला पडदा सांधायला वेळ लागतो, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे बाटली बदलून हे सुटणार नाही. अंगातून अशा गरम वाफा का येतात, तर मेंदूत तापमान सांभाळणारं केंद्र या काळात हळवं होतं. एरवी कळणारही नाही एवढी उष्णता वाढली तरी ते घाम फोडतं. आणि हे दोन-चार महिन्यांचं नसतं. २०१५ साली अमेरिकेतली एक मोठी पाहणी छापून आली, त्यात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायकांना त्या सात वर्षांहून अधिक काळ येत होत्या. तुला घाबरवायला लिहीत नाही. तू 'सहन करते, जाईल' म्हणतेस ना, ते किती दिवस म्हणायचं याचा हिशेब सांगतोय.

तुझ्या श्वासाच्या व्यायामाला मी नावं ठेवली, त्याबद्दलही थोडं. मन शांत व्हायला, झोपेला त्याचा उपयोग होत असेल तर जरूर कर. वाफांवर मात्र त्याचा पुरावा कमी. अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीनं २०२३ साली हॉर्मोन नसलेल्या उपायांचा आढावा घेतला, त्यात श्वासाचे व्यायाम, योग, वनौषधी यांची वाफांसाठी शिफारस केली नाही. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीची, म्हणजे विचार-सवयी बदलायच्या समुपदेशनाची केली, क्लिनिकल हिप्नोसिसची, म्हणजे तज्ज्ञानं केलेल्या संमोहनाची केली, काही औषधांचीही केली. त्या थेरपीनं निद्रानाशही सुधारतो. तुझ्या त्या हिरव्या कॅप्सूलमध्ये ब्लॅक कोहॉश नावाची वनौषधी आहे. त्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून पोटात घेऊ नये. वजनं उचलायचा व्यायाम मात्र सोडू नकोस, हाडांसाठी तो हवाच.

हे बघ, झालं माझं व्याख्यान सुरू. तू इथे असतीस तर उठून आत गेली असतीस.

समग्र या शब्दाला मी हसलो खरा, पण तो शब्द मला पटतो. फक्त तो बाटलीवर नको, डॉक्टरांसमोरच्या कागदावर हवा. एका कागदावर सगळं लिही. पाळीच्या तारखा, वाफा किती, झोप किती, खाज कुठे, त्या दिवशी मीटिंगमध्ये शब्द आठवेना तेही. आणि मनाचं. चेहरा त्वचेच्या डॉक्टरकडे, पाळी दुसरीकडे, आणि रडू कुणाकडेच नाही, अशी वाटणी करू नकोस. पंचेचाळिशीनंतर याच्या निदानाला हॉर्मोनची तपासणी सहसा लागत नाही, तो कागदच लागतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र बघायला सांग. इतका रक्तस्राव होतोय तुझा, लोह कमी असेल तर थकवा, केस गळणं, खाजसुद्धा त्यानं होते.

हॉर्मोनच्या औषधांना तू 'कॅन्सर' एवढ्या एका शब्दात उडवून लावलंस. २००२ साली अमेरिकेतला या औषधांवरचा तो मोठा अभ्यास मध्येच थांबवला तेव्हा आम्हीही तसेच घाबरलो होतो. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. तू सत्तेचाळीस. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता मानतात. केवळ त्वचेसाठी मात्र ते देत नाहीत. आपल्या माईच्या आजाराचं डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस, त्यावर बरंच ठरेल. घ्यायचं की नाही ते तू आणि डॉक्टर ठरवा, मी नाही. तुझी आई कधी विचारायलाच गेली नाही, एवढंच मला डाचतं.

आता जे लिहिणार नव्हतो ते. ईशान झाला त्या वेळचे ते चार महिने. तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, आणि तो तुझ्या आईच्या मांडीवर रडायचा. तेव्हाही सगळ्यांनी 'थकलीय' म्हटलं, मीही. ज्यांना आधी असं होऊन गेलंय, त्यांना या वयात नैराश्य पुन्हा गाठायची शक्यता जास्त असते. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. 'मी नसले ना, तर सगळ्यांनाच बरी झोप लागेल.' हे तुझं वाक्य. बडबड असेल. पण मी सरळच विचारतो. जीव नकोसा होतो का तुला? होत असेल तर हो म्हण. मी आरडाओरडा करणार नाही, उपदेश करणार नाही. आणि तशी रात्र आली तर सकाळची वाट बघू नकोस. सुहासला उठव, दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा, मला फोन कर. क्रम कुठलाही चालेल. ईशानच्या वेळी तू औषधानं बरी झालीस. सहाव्या महिन्यात त्याला कडेवर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढलीस आणि मला म्हणालीस, 'अप्पा, गिऱ्हाईक आणलंय.' आज पुलाच्या कामावर शंभर माणसं तुझ्या शब्दावर हलतात. हे मी इथे सगळ्यांना इतक्यांदा सांगतो की लोक रस्ता बदलतात. तुला मात्र कधी सांगितलं नाही बहुतेक.

डॉक्टरांची वेळ घेतलीस की फक्त वार कळव. काय बोलणं झालं ते विचारणार नाही. म्हणजे प्रयत्न करेन.

तुझ्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर काल बदलून घेतला. जुना तीनावरच अडकायचा, तुला कधी बोललो नव्हतो. आता पाचावर जातो, आवाज करतो थोडा. मी दोन पांघरुणं घेऊन बाहेरच्या खोलीत झोपतो. फोन उशाशी असतो, तीनला मी जागाच असतो.

सुहासला आणि ईशानला आशीर्वाद.

तुझा,
अप्पा

ता. क. स्क्रबची बाटली तू इथेच विसरलीस. पाठवणार नाही.