आण्णांना एवढ्यात सांगू नकोस

भोसरी, रविवार

प्रिय बाळ्या,

फोनवर मी 'चाललंय रे' म्हणून मोकळा होतो, म्हणून आज लिहायला बसलो.

कंपनीने एका दिवसात अकरा जणांना घरी बसवलं, त्याला अडीच महिने झाले. राजीनामा त्यांनीच टाइप करून आणला होता, खाली सही तेवढी आपली. केली गाढवासारखी. कंपनीने कामगार कपात केली तर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे भरपाई द्यावी लागते आणि आपणच राजीनामा दिला की ती बुडते, हे युनियनच्या एका जुन्या माणसाने नंतर सांगितलं. ग्रॅच्युइटी मात्र मिळाली. बेसिक 18,200, भागिले 26, गुणिले 15, नऊ वर्षांचे 94,500. त्यातले निम्मे संपले.

पीएफ काढ म्हणून मेहुणा मागे लागलाय. नाही काढत. पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते, माझी 9 वर्षं 2 महिने झालीत. पेन्शनचे पैसे उचलले की तेवढी सर्व्हिस गेली. थोड्या महिन्यांसाठी कुठे घालवू?

सकाळी सहा चाळीसला कंपनीची बस कोपऱ्यावर अजून हॉर्न देते. ड्रायव्हर तोच. त्या वेळी मी मागच्या गल्लीने दूध आणायला जातो. ही रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवते आणि मी हुक लावतो. हसू नकोस, अर्ध्या मिलीमीटरचाही फरक पडत नाही माझ्या हुकांत.

परवा चाकणला इंटरव्ह्यू झाला. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये उभं राहून शर्टाची इस्त्री गेली. समोर तेविशीतला पोरगा. 'सर, गॅप का आहे?' म्हणाला. मग एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, आणि मापाचा व्हर्नियर पुढे केला, बोअर म्हणजे आतलं भोक मोजा म्हणून. मी आधी जबडे बंद करून शून्य पाहिलं, तर 0.04 मिलीमीटर पुढे, म्हणजे व्हर्नियरच चुकीचं माप दाखवत होता. तसं सांगितलं. पोरगा गप्प. मग हळूच म्हणतो, 'आम्ही रोज हाच वापरतो.' येताना स्टँडवर दोन वडापाव खाल्ले, बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

पण नोकरी थर्ड पार्टीच्या, म्हणजे ठेकेदाराच्या रोलवर, अकरा महिन्यांची, हातात 19,000. विचार करून सांगतो म्हटलं. 'विचार कसला करताय?' असं हिने एकदाच विचारलं, पण तेव्हापासून तिच्याकडे बघवत नाही.

आण्णांना यातलं काही माहीत नाही. दर महिन्याचे तीन हजार वेळेवर जातात त्यांना. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला येणार नाही म्हटल्यावर मात्र थोडा वेळ बोलले नाहीत. नऊ वर्षं रजा मिळायची नाही म्हणून मी दोन दिवसांत पळायचो, आता रजाच रजा आहे आणि जाता येत नाही. आलो आणि राहिलो तर पाचव्या दिवशी विचारतीलच, 'कंपनी बंद हाय का?' तुला पारावर गाठलं तर ऑडिट आहे म्हणून सांग. ऑडिट म्हणजे काय ते विचारणार नाहीत.

तू पाठवलेले पाच हजार परत केले, राग मानू नकोस. लागले तर मागेन, तुझ्याकडे मागायला मला लाज नाही. त्यापेक्षा कुपवाडच्या एमआयडीसीत तुझ्या साडूकडे शब्द टाक. पगार कमी चालेल, पण पीएफ भरणारा हवा. सीव्ही व्हॉट्सॲपवर टाकलाय. मंगळवारपर्यंत कळव, चाकणवाल्यांना बुधवारी सांगायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या