जो हॉलवर अन्याय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा जो हॉल या जुन्या काळच्या आइस हॉकीपटूवरचा लेख वाचला आणि संताप आला. अर्धं पान दिलंत, पण त्यात काय? 1918 च्या जानेवारीत टोरंटो संघाच्या आल्फ स्किनरशी काठ्यांनी झालेली हाणामारी, दोघांना झालेली अटक, 15 डॉलर दंड. हे सगळं खरं आहे. एनएचएल या आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगच्या पहिल्याच हंगामात शिक्षेची, म्हणजे फाउलमुळे बाहेर बसण्याची, सर्वाधिक मिनिटं हॉलच्या नावावर आहेत, हेही खरं आहे. पण माणूस सोळा-सतरा वर्षं खेळला आणि तुमच्या लेखकाला त्यात एक मारामारीच दिसली? मथळासुद्धा 'बर्फावरचा गुंड'!

हॉलचा जन्म इंग्लंडमधला, वाढला कॅनडातल्या ब्रँडनला. पैसे घेऊन खेळणं कॅनडात अजून चोरून चालायचं, तेव्हा अमेरिकेत मिशिगनमधल्या हाउटन या तांब्याच्या खाणींच्या मुलखातल्या गावी जाऊन तो उघडपणे व्यावसायिक संघाकडून खेळला. तिथे तो आघाडीला खेळायचा आणि गोलांचा पाऊस पाडायचा. म्हणजे गोल करता येत नव्हते म्हणून मागे ढकललेला हा गडी नव्हे. पुढे क्वेबेक बुलडॉग्जचा बचाव त्याने सांभाळला आणि त्या संघाने 1912 आणि 1913 असा दोनदा स्टॅनले चषक, म्हणजे त्या खेळातला सर्वोच्च चषक, जिंकला. तुमच्या लेखात या दोन चषकांसाठी एक ओळ नाही.

त्या काळच्या बचावपटूचं काम काय होतं, हे तरी सांगायचं होतं. 1918 च्या सुरुवातीपर्यंत गोलरक्षकाला त्यांचा तो पक, म्हणजे चेंडूऐवजी असलेली चकती, अडवायला बर्फावर लोळण घ्यायची मुभा नव्हती. उभ्या उभ्या अडवायचं. त्यामुळे समोर गर्दी होऊ न देणं, आलेल्या माणसाला अंगावर घेऊन कडेला रेटणं ही सगळी जबाबदारी त्याच्या पुढच्या दोन बचावपटूंची. डोक्याला हेल्मेट नाही, बदली खेळाडू मोजकेच. असं काम करणाऱ्याच्या नावावर शिक्षेची मिनिटं चढणार नाहीत तर कोणाच्या चढणार?

मी खडकीचा. आमच्याकडे मैदानावरची हॉकी घराघरात होती आणि मी फुलबॅक, म्हणजे बचावपटूच, होतो, म्हणून हे इतकं लागलं. जिल्हा स्पर्धेचा एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. मुरमाचं मैदान, चेंडू कसा उसळेल याचा नेम नाही. शेवटच्या मिनिटांत लागोपाठ पेनल्टी कॉर्नर. एक फटका गोलरक्षकाला चुकवून आत निघाला होता, तो मी गोलरेषेवर आडव्या स्टिकने काढला. दुसरा थेट नडगीवर घेतला. आम्ही एका गोलने जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल करणाऱ्याचं नाव ठळक आणि माझं नाव बातमीच्या शेवटी, कशासाठी, तर 'पंचांनी पिवळे कार्ड दाखवले' एवढ्यासाठी. वडिलांनी तो पेपर मोठ्या हौसेने आणला होता. वाचून त्यांनी विचारलं, "मारामारी केलीस काय रे?" नडगीवरची सूज दाखवून मी काय काय सांगितलं, पण छापील अक्षरापुढे माझं कोण ऐकतं? तो पेपर कोणता होता हे इथे लिहीत नाही.

हॉलला समजून घ्यायचं तर त्याच काळचा खेळाडू न्यूझी लालाँडकडे बघा. हॉल क्वेबेककडे आणि लालाँड मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडे असताना दोघं एकमेकांचे हाडवैरी होते. एकमेकांना रक्तबंबाळ करायचे. 1917 मध्ये हॉल कॅनेडियन्सकडे आला आणि त्याच लालाँडचा जवळचा मित्र झाला, दौऱ्यावर दोघं एका खोलीत राहायचे. ज्याने त्याच्या काठीचे घाव सोसले त्याला तो गुंड वाटला नाही. मग शंभर वर्षांनी आपल्याला तसं म्हणायचा काय अधिकार?

आता 1919 ची कॅनेडियन्स आणि अमेरिकेतला सिअ‍ॅटलचा संघ यांच्यातली स्टॅनले चषकाची अंतिम मालिका. तुम्ही फक्त एका सामन्याचा '7-0' छापलात, कारण मोठा आकडा उठून दिसतो. 26 मार्चचा सामना का गाळलात? जादा वेळ खेळूनही 0-0! दोन्हीकडच्या बचावपटूंनी आणि गोलरक्षकांनी जीव ओतला, तो हा सामना. त्यानंतरच्या सामन्यात कॅनेडियन्स 0-3 असे मागे पडूनही जादा वेळेत 4-3 जिंकले, पण हॉलला खेळ अर्धवट सोडून बाहेर यावं लागलं. त्याला त्या वेळच्या साथीच्या फ्लूने गाठलं होतं. 1 एप्रिलचा निर्णायक सामना झालाच नाही, कारण लालाँडसह संघातले बरेच जण आणि व्यवस्थापक जॉर्ज केनेडीही आजारी पडले होते. 5 एप्रिलला सिअ‍ॅटलमध्येच न्यूमोनियाने हॉल गेला. आपण करोनात ऑक्सिजनसाठी धावलेली माणसं. अशा मृत्यूची बातमी 'विचित्र योगायोग' या चौकटीत टाकवली तरी कशी तुम्हाला?

आणि सिअ‍ॅटलने चषक उचलला असं लेखात म्हटलंय, ते साफ चूक आहे. केनेडी सामना सोडून द्यायला तयार होता, पण सिअ‍ॅटलच्या पीट मल्डून या व्यवस्थापकाने आजारी संघाकडून असा चषक घ्यायला नकार दिला. त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही. पुढे चषकावर दोन्ही संघांची नावं कोरली गेली आणि मालिका पूर्ण झाली नाही अशी नोंदही केली गेली. हॉलला 1961 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेही लेखात नाही.

लेखासोबत हेल्मेट घातलेल्या आजच्या खेळाडूंचा रंगीत फोटो छापला आहे, तोही कृपया बदलावा. शिवाय गेल्या आठवड्यात संपलेल्या शालेय हॉकी स्पर्धेचा निकाल तुम्ही नुसत्या आकड्यांत उरकलात. ज्या मुलांनी गोल वाचवले त्यांची नावं आयोजकांकडे आहेत, मागून घ्या आणि चषकाच्या दुरुस्तीबरोबर याच आठवड्यात छापा.

आपला,
एक जुना फुलबॅक, खडकी, पुणे