आई-बाबा, कार्तिकात मी परिक्रमेला निघतेय

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. कार्तिकी एकादशी झाली की मी ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलतेय. पायी. बिनपगारी रजा मंजूर झाली आहे, ह्यांच्याशी बोलणं झालंय, ओमला हॉस्टेलवर कळवलंय. तुम्हाला शेवटी सांगतेय, कारण तुम्ही नको म्हणाला असतात तर माझा पाय निघाला नसता.

आत्ताच का, हे आईचं पहिलं वाक्य असेल. कारण ओम मार्गाला लागलाय. कारण माझे गुडघे अजून माझं ऐकतात. आणि बाबा, तुम्ही "रिटायर झालो की" म्हणत होतात, आणि रिटायर झाल्यावर आपल्या घरात काय काय झालं ते आपल्या तिघांना माहीत आहे. मला ती वाट बघायची नाही. यात तुम्हाला लागेल असं काही म्हणायचं नाही हो मला. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही रोज नरसोबाच्या वाडीच्या बसपर्यंत चालत जाता, याचाच मला किती अभिमान आहे! पण तुम्हाला सोबत नेता येत नाही, हे मला लिहावंच लागतंय, आणि त्यासाठीच हे पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं.

आता हिशेब सांगते, म्हणजे तुमचा जीव थाऱ्यावर राहील. नदी 1312 किलोमीटर. दोन्ही तट धरले की 2600च्या वर, आणि धरणांच्या फुगवट्यामुळे जे वळसे पडतात ते धरले तर 3000च्या आसपास. जुन्या रीतीने 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस. तेवढी मी काही राहणार नाही, घाबरू नका. रोज 20-25 किलोमीटर चालायचं. दक्षिण तटाने पश्चिमेकडे गेलं की डिसेंबरात समुद्र. तिथून उत्तर तटाने उलट अमरकंटक, ते महाशिवरात्रीच्या मागेपुढे. मग पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. पाडव्याच्या सुमारास, फार तर रामनवमीला पूर्ण. म्हणजे सगळं चालणं पावसाळा आणि कडक ऊन यांच्या मधल्या दिवसांत बसतं. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत, ते यामुळेच असणार.

रस्ता चुकेल म्हणून काळजी करू नका. मैया सतत उजव्या हाताला ठेवायची, एवढाच नियम. तिला ओलांडायचं नाही, तिला येऊन मिळणाऱ्या नद्या ओलांडलेल्या चालतात. फोनमध्ये नकाशा उतरवून घेतलाय, पण अवघड जागी गावातल्या माणसाला विचारायचं हेच खरं. बाबा, तुम्हाला आठवतंय ना, मामलेश्वराच्या बाजूने मला समोरचं बेट दाखवून म्हणाला होतात, परिक्रमेत असलो तर तिकडे ओंकाराकडे जाता येत नाही, तो दर्शनाला शेवटीच. तेव्हा मला ते फार कडक वाटलं होतं.

पहिल्या काही दिवसांतच रावेरखेडी लागेल. 28 एप्रिल 1740, थोरले बाजीराव गेले ती तारीख, तुम्ही मला पाढ्यांच्या आधी पाठ करायला लावली होती. बाजीरावांच्या समाधीपाशी मी तुमच्या नावाने फूल वाहीन.

आई, आता तुझा विषय. शूलपाणीची झाडी. पूर्वी तिथे लुटत आणि माणूस लंगोटीवर बाहेर पडे, हे अप्पाकाकांकडून तू शंभरदा ऐकलंयस. आता तिथे आश्रम आहेत, लोक चहा पाजतात. तरीही मी बडवानीहून झाडीत न शिरता शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातला रस्ता धरणार आहे. हा निर्णय तुझ्यासाठी आहे. बाबा, झाडीशिवाय परिक्रमा कसली, असं तुम्हाला वाटेल, मला माहीत आहे. पण आईची झोप मला जास्त मोलाची आहे.

दुसरी भीती नावेची. नदी ओलांडायची नाही, म्हणून ती संपते तिथे, विमलेश्वरच्या बाजूने, समुद्रातूनच पलीकडे मिठी तलाईला जायचं. नाव भरती बघूनच सुटते, दिवसाउजेडी नाही सुटली तर मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबेन. पलीकडे उतरल्यावर कळवेन. त्याच्या आधी नाही, कारण मग तू देवासमोर बसून राहशील आणि जेवणार नाहीस.

एकटी नाहीये मी. सांगलीच्या दोघी बहिणी सोबत आहेत, एक नर्स होती, दोघींची एक परिक्रमा झालेली आहे. वाटेत बाईमाणसाला सगळे "माताराम" म्हणतात. मुक्कामाला आश्रम, धर्मशाळा, शाळा, कुणाची ओसरी. काही ठिकाणी शिजवलेलं जेवण, काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे डाळ-तांदूळ-पीठ देतात आणि आपण शिजवायचं. टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, मला थापता येतात, गेल्या महिन्यात घरी करून पाहिले. झोपायची पिशवी, मऊ चटई, दोन जोड मोजे जास्तीचे. आई, तू शिवलेल्या गोधडीचा एक तुकडा कापून घेतेय. वजन वाढतं, पण ती हवीच.

गरुडेश्वरला मी थांबणार आहे. दत्तभक्त टेंबे स्वामींची समाधी तिथे आहे. तू वाडीला पौर्णिमेला पादुकांपुढे डोकं ठेवायचीस तेव्हा मी तुझा पदर धरून मागे उभी असायचे, कृष्णेचं पाणी पायऱ्या चढून यायचं आणि बाबा मला खांद्यावर घ्यायचे. तो खांदा मला अजून लागतो हो बाबा. तुम्हाला वाटतं मी मोठी झाले.

आता नीट ऐका. रजा मंजूर झाल्यावर पहिलं हे बघितलंय. वसुधामावशी दिवाळीनंतर मिरजेत राहायला येतेय, तिला परत पाठवायचं नाही. जावई महिन्यातून दोनदा येतील, त्यांच्यासमोर "काही नाही हो, ठीक आहे" म्हणायचं नाही, जे असेल ते सांगायचं. गोळ्यांचे डबे भरून ठेवतेय, वारांची नावं लिहून. आई, एकादशीला फराळ करायचा आणि बीपीची गोळी घ्यायचीच. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही. बाबांनी बँकेत एकटं जायचं नाही, आणि रात्री उठताना दिवा लावायचा. कितीदा सांगितलंय!

बाबा, तुमचं एक काम आहे. तुमची ती घाटांच्या नावांची वही माझ्याकडे पाठवू नका, तुमच्याजवळच ठेवा. संध्याकाळी मी मुक्कामाचं गाव कळवेन, तुम्ही वहीत शोधून पुढचं मला सांगा. बडवानीच्या पुढे आणि डिंडोरीच्या वर रेंज जाते. दोन-तीन दिवस फोन आला नाही तर ओमला त्रास देऊ नका, मी पोचते.

आणि पूर्ण झाली की कन्यापूजनाला तुम्ही दोघांनी यायचं. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट खंडव्याला जाते. खालचे बर्थ ह्यांना आत्ताच सांगून ठेवलेत, खंडव्याहून गाडी करतील. मैयाचं जल ओंकाराला वाहायचं असतं, ते तुमच्या हातून वाहायचं आहे मला. तेवढ्यासाठी हिवाळाभर व्यायाम चुकवायचा नाही, फिजिओथेरपीवाल्याला मी फोन केलाय.

पुढच्या शनिवारी येतेय. चिडायचं असेल तर तेव्हा समोर चिडा. बेसनाचे लाडू मात्र करू नकोस आई, पाठीवर न्यायला जागा नाही. थोडेसेच कर.

तुमची,
मनू