सूचना: रविवारची शिखरचढाई सोंडेच्या (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेच्या) वाटेने

सर्व सदस्यांनी नोंद घ्यावी, या वेळी नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून, चढायचं नाही. नाळ जवळची पडते, पण घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या उतारावर) वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्याच्या अंगावर येतो. मोठ्या गटाने तिथे जाऊच नये.

जाऊन-येऊन १२ किमी, चढ ९०० मीटर. दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक, या हिशेबाने चार तास होतात. त्यात विश्रांती धरलेली नाही, म्हणून सात तास धरा. सकाळी सहाला चालायला सुरुवात. अकराला जिथे असाल तिथून परत फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी!

सोंडेवर पाणी नाही, सावलीही नाही. प्रत्येकी ३ लिटर पाणी घ्या. हेडटॉर्च हवाच.

कोरे बूट घालू नका. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर उपयोग नाही. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट करा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. गडगडाट ऐकू आला तर लगेच धार सोडून खाली उतरायचं.

नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा.