हाडांच्या गोळीबरोबर मनाचीही विचारपूस करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार यांस,
सविनय नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली हाडे ठिसूळ झालेली म्हातारी माणसे सरकारी दवाखान्यातून कॅल्शियम घेऊन परततात. "झोप नाही, अन्न जात नाही, कशात जीव रमत नाही" हे त्यांचे सांगणे वयावर ढकलले जाते. अनेकदा ते नैराश्य असते.

मणका दबला की पाठ वाकते. एकदा पडलेली आजी धास्तीने शेजारीही जात नाही. चालणे थांबले की मांड्यांतले बळ जाते, तोल सुटतो, ती पुन्हा पडते.

सर्वांत जास्त घोळ औषधांत होतो. हाडे बळकट करणाऱ्या अलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहाही नाही. मन खचलेल्या माणसाकडून एवढे पथ्य होत नाही. तो गोळी घेऊन पुन्हा आडवा होतो, छातीत जळजळते, गोळी सुटते. झोपेसाठी घेतलेल्या अल्प्राझोलामने रात्री लघवीला उठताना तोल जातो. नैराश्यावरच्या अमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाने उभे राहताच रक्तदाब उतरतो. एसएसआरआय या गटातल्या नैराश्यावरच्या गोळ्यांनीही उतारवयात रक्तातले सोडियम घटू शकते. म्हणून कमी मात्रेने सुरुवात करून काही आठवड्यांत सोडियम तपासावे. पण या भीतीने उपचारच टाळणे चूक आहे. गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगायला हवे.

आमची मागणी अशी. हाडांच्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णाला दोन प्रश्न विचारावेत : गेल्या 2 आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटते का? प्रत्येकी 0 ते 3 गुण. बेरीज 3 किंवा जास्त आली तर 9 प्रश्नांची पूर्ण चाचणी. हे मराठीत आणि एकांतात व्हावे. आज कन्नड प्रश्न सून समजावून सांगते. जिच्यावर आपला भार पडतोय असे वाटते, तिच्यासमोर कोणती सासू "मरण आले तर बरे" म्हणेल?

मनोचैतन्य योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचार मिळतो. हाडांची तपासणीही त्याच दिवशी ठेवावी. शक्ती योजनेत बायकांना तिकीट लागत नाही, पण वाकलेल्या पाठीने बसची पायरी चढवत नाही. अशांच्या घरी फिजिओथेरपिस्ट जावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन-सेवेचा 14416 हा क्रमांक चिठ्ठीवर मराठीत छापावा.

नव्या चिठ्ठ्या येईपर्यंत दोन प्रश्न वहीत लिहूनही विचारता येतील. तेवढा आदेश तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना याच महिन्यात द्यावा.

आपले,
सीमाभागात ज्येष्ठांवर उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका व फिजिओथेरपिस्ट