आरेच्या चढावर किटल्या घेऊन थांबलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं आणि नंतर चुटपुट लागली. पत्ताही नाही, कारण 'आरेतला कुठलातरी पाडा' यावर पत्र पोचत नाही. म्हणून हे असं उघड पत्र. पाड्यावरच्या एखाद्या पोराच्या मोबाइलवर आलं, तर त्याने ते तुम्हाला वाचून दाखवावं. खूण सांगते : काळी, दांड्याची जुनी सायकल, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या, डोक्यावर सुतळीने बांधलेला निळा प्लास्टिकचा कागद. आणि रस्त्याच्या कडेला उलटी केलेली लाल सायकल घेऊन बसलेली, हेल्मेट घातलेली, रडकुंडीला आलेली बाई. ती मी.

२०२४चा जुलै. रविवार, सकाळचे पावणेसात. मी गोरेगावच्या बाजूने चेकनाक्यावरून आत शिरले होते. आरेतले चढ म्हणजे काही घाट नव्हे. थोडं चढायचं, थोडं उतरायचं, एका वळणावर गच्च झाडी, पुढच्या वळणावर गवताचा मोकळा माळ, मध्येच गोठ्यांचा वास. पण चाळिशीनंतर सायकल शिकलेल्या, आठवडाभर खुर्चीत बसून हिशेब लिहिणाऱ्या बाईला तेही पुष्कळ असतं. सायकल भाच्याची, जुनी. टायर बोटभर रुंदीचे. तिच्यावर बसलं की आपण फार भारी चालवतो असं वाटतं, हा तिचा मोठा दोष.

पिकनिक पॉइंटच्या अलीकडे कुणीतरी रात्री बाटली फोडून ठेवली होती. मागचं चाक बसलं. मी घाबरले नाही. व्हिडिओ बघून शिकले होते, पिशवीत जादा ट्यूब होती. वीस मिनिटांत बदलली, स्वतःवर खूश झाले, आणि चारशे मीटरवर पुन्हा फुस्स. आता ट्यूबही नाही आणि फोनला रेंजही नाही.

त्या अर्ध्या तासात निदान पंधरा सायकलवाले गेले असतील. प्रत्येकाने जाता जाता 'ऑल ओके?' विचारलं आणि मी प्रत्येकाला अंगठा दाखवला. त्यांचा राग नाही. सायकलवाल्यांत तशी रीतच आहे, आणि 'नाही, ओके नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना. तुम्ही आलात तेव्हा तुम्हालाही मी 'काही नाही काका, होईल' असंच म्हटलं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि तरीही उतरलात. भरल्या किटल्यांची सायकल मागे ओढून स्टँडवर चढवायची म्हणजे काय ताकद लागते ते मी पाहिलं. मग शेजारी उकिडवे बसलात आणि म्हणालात, 'काच काढली का आतली?'

काच काढायची असते हेच मला माहीत नव्हतं.

तुम्ही घाम पुसायचं सुती फडकं टायरच्या आतून गोल फिरवलंत. एका जागी ते अडकलं. तिथे नखाएवढा हिरवा तुकडा रुतून बसला होता. तुम्ही तो काढून माझ्या तळहातावर ठेवलात, वर्गात मास्तर ठेवतात तसा. माझी नवी ट्यूब त्यानेच फोडली होती. बोटाने करायला गेले असते तर बोट कापलं असतं, फडक्याला मात्र काच आपोआप लागते. ही गोष्ट मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत नव्हती. असेलही, मी पुढे ढकलत पाहिले असतील.

मग तुमची तंबाखूची डबी निघाली. तिच्यात तंबाखू नव्हती. पॉलिश पेपरचा तुकडा, जुन्या ट्यूबचे काप, अर्धं ब्लेड आणि शेवटपर्यंत पिळून गुंडाळलेली सोल्युशनची ट्यूब. रस्त्याकडेच्या डबक्यात माझी ट्यूब बुडवून बुडबुडे शोधलेत, जागा घासलीत, ब्लेडने ठिगळ गोल कापलंत. मी विचारलं, गोलच का? 'कोपरा ठेवला की तिथनंच उचकटतं, बाय.' सोल्युशन लावल्यावर मी लगेच ठिगळ चिकटवायला निघाले, तर तुम्ही माझा हात धरलात. 'सुकू दे. बोटाला चिकटेनासं झालं की लाव.' पावसाळी हवेत ते सुकेचना. आपण दोघं त्यावर आळीपाळीने फुंकर घालत बसलो होतो. हे कुणी लांबून पाहिलं असतं तर काय वाटलं असतं देव जाणे.

तेवढ्यात गप्पा झाल्या. मी विचारलं, काका, तुम्ही इथले गोठे झाल्यापासूनचे का? तर तुम्ही हसलात. 'पाडा आधीचा. म्हशी मागनं आल्या.' घरी येऊन मी ताडून पाहिलं. मुंबईतले गोठे शहराबाहेर काढायला १९४९ साली आरे वसवली गेली आणि वारली पाडे त्याच्याही आधीपासूनचे आहेत. आम्ही शेजारी गोरेगावात राहून 'आरे' म्हणजे दुधाचा स्टॉल एवढंच समजत आलो.

ट्यूब झाली, पण टायरची बाजू इंचभर फाटली होती. हवा भरली की ट्यूब त्या फटीतून बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर येणार. तिथे मी खरी हरले. तुम्ही मात्र उठून पलीकडच्या चहाच्या टपरीमागे गेलात आणि दुधाची रिकामी पिशवी घेऊन आलात. आजूबाजूला एवढ्या म्हशी, आणि टपरीवाला चहा करतो पिशवीच्या दुधाचा! तुम्हीच त्यावर आधी हसलात. पिशवी डबक्यात धुतली, चार पदरी घडी घातली, फटीच्या आतून ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवली. माझ्या व्हॉल्व्हची सुईसारखी नळी तुमच्या पंपाला बसेना, म्हणून माझ्याच चिमुकल्या पंपाने हवा भरली. तुम्ही दर वीस झटक्यांनी टायर दाबून बघत होतात. 'बास. आज अर्ध्या हवेवर जा. आणि टायर नवा घे, हे घरी जाण्यापुरतंच आहे.'

मी पाकीट काढलं, तर तुम्ही किटलीचं झाकण घट्ट करण्यात गुंतलात. मग आपण चढावर एकत्र निघालो आणि अर्ध्यात तुम्ही उतरून सायकल ढकलायला लागलात. मी दात-ओठ खाऊन चालवतच होते. तुम्ही म्हणालात, 'उतर की, कोण बघतंय?' मी उतरले. तोपर्यंत चढावर उतरणं म्हणजे नापास होणं असं मला वाटत असे.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र. माझ्या फोनमध्ये एक ॲप आहे. किती किलोमीटर झाले, किती वेगाने झाले ते लिहून ठेवतं. सायकल थांबली की ते वेळ मोजायचं थांबवतं, म्हणजे सरासरी वेग खाली येत नाही. त्या दिवशीचं पान उघडलं की दिसतं : १९ किलोमीटर, एक तास बारा मिनिटं. तुम्ही बसलात ती पाऊण तासभराची वेळ त्यातून वगळलेली आहे. ॲपच्या हिशेबात तुम्ही नाहीच. मी हिशेबाचंच काम करते, म्हणून हे फार टोचलं. आणि मग लक्षात आलं की तुमच्या किटल्यांत दूध होतं. जुलैतली दमट हवा, दूध काही कुणासाठी थांबत नाही. पुढे किती दारांत गिऱ्हाइकं भांडी घेऊन उभी होती, त्यांतल्या किती जणांनी तुम्हाला बोल लावले, हे मी विचारलंसुद्धा नाही. तुम्हीही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत.

टायर मी लगेच बदलला नाही, हा माझा गाढवपणा. त्याच टायरवर सप्टेंबरात नॅशनल पार्कात गेले. बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंत सहाएक किलोमीटरचा सावलीचा रस्ता, शेवटी चढ. तिथे मी उतरले, ढकलली, कुणी बघत नव्हतं. आठ वर्षांनी कारवी फुलली होती. २०१६ नंतर थेट २०२४. लेण्यांच्या वरच्या अंगाला उतारच्या उतार जांभळे. तुमच्या आजोबांच्या घराचा कूड कारवीचा होता, वरून शेणाने सारवलेला, असं तुम्ही फुंकर घालता घालता सांगितलं होतं. मी तोवर कारवी म्हणजे फोटो काढायचं फूल समजत होते. तिच्या काठ्यांच्या भिंती होतात, हे तिथे उभी राहून पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

अखेर टायर बदलायला दुकानात गेले. जुना काढताना पोराच्या हातात दुधाची पिशवी आली. दाबून दाबून कागदासारखी पातळ झालेली, घडीवर काळी रेघ उमटलेली. 'मॅडम, हे काय आहे?' त्याला सगळं सांगितलं. त्याने ती कचऱ्यात टाकायला हात पुढे केला, मी काढून घेतली.

तुमचे आभार मानायचे राहिले होते, काका. ते मानते. रविवारी साडेसहा ते सात मी त्याच टपरीपाशी असते. सोल्युशनच्या दोन नव्या ट्यूब घेऊन ठेवल्या आहेत. तुमच्या डबीत मावतात का, ते बघायचं आहे.

तुमची,
लाल सायकलवाली बाय