न आलेल्या उत्तरांकडेही बघायला लावणाऱ्या मॅडमना खुले आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे देखभालीसाठी आलेल्या सर्वेक्षणाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये कुणी तीन पर्यायांवर टिक केली तरी डेटाबेसमध्ये शेवटचा एकच पर्याय उतरत होता, आणि आम्ही सगळे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडवर संशय घेऊन बसलो होतो. आपण काही न बोलता ब्राउझरने सर्व्हरला काय पाठवले ते दाखवणारा नेटवर्क टॅब उघडलात. तिथे ‘वेळ=सकाळ’, ‘वेळ=दुपार’, ‘वेळ=रात्र’ अशा एकाच नावाच्या तीन जोड्या स्पष्ट दिसत होत्या; म्हणजे ब्राउझरने सगळे पाठवले होते आणि गळती सर्व्हरवर होती. सर्व्हरवरचा कोड लिहिण्याच्या जँगो या चौकटीत ‘गेट’ शेवटचीच किंमत (व्हॅल्यू) देते आणि सगळ्या हव्या असतील तर ‘गेटलिस्ट’ वापरावे लागते, पीएचपी भाषेला नावाच्या शेवटी चौकटी कंस लागतात, तर जावा भाषेतल्या सर्व्हलेटमध्ये (सर्व्हरवर विनंत्या हाताळणाऱ्या कोडमध्ये) ‘गेटपॅरामीटर’ पहिलीच किंमत हातात ठेवते, हे आपण ओघात सांगितलेत. एकाच फॉर्मची तीन सर्व्हरांवर तीन तऱ्हा निघाव्यात, याचे मला अजूनही हसू येते.

मात्र हे पत्र लिहावेसे वाटले ते आपल्या पुढच्या प्रश्नामुळे: “आणि सगळ्याच टिक काढल्या तर?” टिक नसलेला चेकबॉक्स (टिक करायची चौकट) सर्व्हरकडे रिकामी किंमतसुद्धा पाठवत नाही, त्याचे नावच विनंतीत येत नाही. त्यामुळे कुणी जुने उत्तर दुरुस्त करताना सगळ्या खुणा पुसून ‘जतन करा’ दाबले, की आमचा कोड ‘या प्रश्नात बदल नाही’ असे समजून जुनेच पर्याय तसेच ठेवत असे, आणि त्या माणसाने विचारपूर्वक मागे घेतलेले उत्तर आमच्या अहवालात मोजले जात राही. फॉर्मच्या त्या पानावर कोणते प्रश्न दाखवले होते याची यादी सर्व्हरने स्वतःकडे ठेवावी, म्हणजे दाखवलेल्या प्रश्नाचे नाव आले नाही तर उत्तर रिकामे धरता येते आणि न दाखवलेल्या प्रश्नाला हात लावायची वेळ येत नाही, हा आपला उपाय आम्ही तसाच्या तसा उचलला. एकच पर्याय निवडू देणाऱ्या रेडिओ बटणावर एकदा केलेली निवड पुन्हा क्लिक करून काढता येत नाही, म्हणून ऐच्छिक प्रश्नांना ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्यायही आपल्याच सांगण्यावरून जोडला.

बाकीच्या सूचना आपण घाईत दिल्या होत्या, पण त्याही उपयोगी पडल्या. पर्यायाच्या मजकुराऐवजी त्याचा क्रमांक पाठवावा आणि तो क्रमांक त्याच प्रश्नाचा आहे ना, हे सर्व्हरवर तपासावे, कारण ब्राउझरमधून काहीही पाठवता येते. उत्तरे एकाच रकान्यात स्वल्पविरामांनी जोडून ठेवण्याची पद्धत तर आपण एका उदाहरणात निकालात काढलीत: साध्या मजकूरशोधाने 1 शोधला की 11 आणि 21 सुद्धा सापडतात. आता प्रत्येक निवडीची वेगळी नोंद होते आणि जुन्या नोंदी काढून नव्या घालण्याचे काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाले तर सगळे नाहीतर काहीच नाही अशा रीतीने, चालते.

सगळ्या खुणा काढून फॉर्म सबमिट करणारी जी चाचणी आपण जाता जाता लिहून दिलीत, ती आता कोडमधल्या प्रत्येक बदलाबरोबर आपोआप चालते. आपल्या कामाच्या धबडग्यात आपण आमच्यासाठी वेळ काढलात, त्याबद्दल संपूर्ण टीमतर्फे मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
सर्वेक्षणाच्या टीममधील एक डेव्हलपर